आश्विनातलं वाळवण

कोजागिरीच्या रात्री विरारजवळच्या आमच्या अर्नाळा कोळीवाड्यात दूध आटवत बसायला बायकांना सवड नसायची. पौर्णिमा म्हणजे उधाण. उधाणाच्या पाण्याला ओढ असते आणि ओढ असली की डोल, म्हणजे आमचं जाळं, भरते. आमच्या किनाऱ्यावर पौर्णिमेची भरती मध्यरात्री बाराच्या आसपास येते, त्या भरतीवर होड्या काठाला लागायच्या आणि अर्नाळ्याच्या वाळूत बोंबलाचे ढीग पडायचे. उजाडायच्या आत ते वलांडीवर, म्हणजे सुकवायच्या दोऱ्यांवर, चढले तर ठीक, नाहीतर दुपारपर्यंत नुसता चिखल. चांदण्यात दिव्याशिवाय मासळी निवडता यायची. माझ्या आईच्या पिढीने कोजागिरीचा चंद्र असा कामाला लावला होता.

मी चौथीच्या वर्गाला बरीच वर्षं इतिहास शिकवला. मुलांना होडीतून समोरच्या बेटावरच्या अर्नाळ्याच्या किल्ल्यावर नेलं, तटावरून वैतरणेचं मुख दाखवलं, दरवाजावरचा बाजीरावाच्या नावाचा शिलालेख बोट ठेवून वाचून घेतला. गुजरातचे सुलतान, मग पोर्तुगीज, १७३७मध्ये मराठे, शेवटी इंग्रज. गावाचा इतिहास विचारला की हीच चार नावं पुढे येतात. १८ जून २०२५ला नौदलात ‘अर्नाळा’ नावाची युद्धनौका दाखल झाली तेव्हाही गावात सगळे किल्ल्याबद्दलच बोलत होते. मला अभिमान वाटला, खरंच वाटला. पण सत्तरी ओलांडल्यावर मला दुसरा एक इतिहास जास्त जवळचा वाटतो. पाऊस गेल्यापासून दिवाळी होईपर्यंत आमच्या घरांत काय चालायचं, कशाने जीव मेटाकुटीला यायचा आणि त्यावर बायकांनी काय उपाय काढले, त्याचा. तो कुठल्या दगडावर कोरलेला नाही, म्हणून लिहायला बसले आहे.

आधी पाण्याचं गणित सांगते, कारण घराचं सगळं वेळापत्रक त्यावर चालायचं. डोल हे लांबलचक, मागे निमुळतं होत गेलेलं जाळं. ते समुद्रात रोवलेल्या खुंटांना बांधतात. ते माशाच्या मागे जात नाही. भरती-ओहोटीची ओढ जे घेऊन येईल ते त्याच्या पोटात शिरतं. म्हणून पौर्णिमा आणि अमावास्या हे आमचे कामाचे दिवस, आणि अष्टमी उलटली की भांग, म्हणजे पाणी सुस्त, डोल रिकामी, पुरुष घरी. आता आश्विन महिना डोळ्यांपुढे आणा. दसरा येतो दशमीला, ऐन भांगात. होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात, त्यांना झेंडूची तोरणं बांधायला, जाळ्यांची डागडुजी करायला, किल्ल्यावरच्या कालिकामातेला जाऊन यायला माणसं मोकळी असतात. कोजागिरी उधाणात. दिवाळीचं लक्ष्मीपूजन अमावास्येला, म्हणजे पुन्हा उधाणात. बाहेरच्या घरांत त्या पहाटे उटणं आणि फराळ, आमच्याकडे उटणं लावलेले हात तासाभरात बोंबलात. लहानपणी मला याचा फार राग यायचा. माझ्या वर्गातल्या वाडीवाल्या वाडवळांच्या मुलींचे हात दिवाळीत केळीच्या पानावरच्या रांगोळीला लागायचे आणि माझ्या हातांचा वास दुपारपर्यंत जायचा नाही.

ताज्या बोंबलात शंभरातले सुमारे नव्वद भाग पाणी असतं. दहा किलो टांगले तर हाती सव्वा ते दीड किलो सुकं येतं. बर्फ नव्हता तेव्हा एवढी पाणीदार मासळी टिकवायचा उपाय ऊन आणि वारा हाच होता. मीठ त्याला लागत नाही. ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते, कारण आमच्या आजूबाजूला मिठागरं असूनही इंग्रजी राज्यात मिठावर कर होता, तो थेट १९४७मध्ये उठला. खारवलेल्या मासळीला त्या कराची झळ बसायची. बोंबील मात्र फुकटच्या उन्हावर सुकला, म्हणून गरिबाच्या घरातही तो राहिला. बाजारही जवळ आला होता. १८६७पासून विरारहून मुंबईला लोकल धावू लागली आणि १९३६मध्ये ती विजेवर गेली. सुक्या बोंबलाच्या पाट्या डोक्यावर घेऊन विरार गाठणाऱ्या बायकांच्या कित्येक पिढ्या या गावाने पाहिल्या.

वलांडी म्हणजे बांबूचे उभे खांब आणि त्यांच्यामध्ये एकावर एक ताणलेल्या काथ्याच्या दोऱ्या. दोन बोंबील घ्यायचे, एकाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यात अडकवायचा आणि जोडी दोरीवर टाकायची. गाठ नाही, सुई नाही. बोंबलाचे दात बारीक आणि आत वळलेले असतात, ते एकमेकांना धरून ठेवतात. सरावाच्या बाईचे हात याकडे न बघता चालतात. दोन-तीन दिवस कडक ऊन मिळालं तर बोंबील मोडताना कडकन आवाज करतो. तो आवाज आला नाही तर माझी सासू त्याला घरात घेत नसे.

जवळा आणि करंदी मात्र टांगता येत नाहीत, त्या जमिनीवरच पसराव्या लागतात, आणि अर्नाळ्याची जमीन म्हणजे वाळू. वाळू लागलेला जवळा कितीही पाखडला तरी दाताखाली कचकचतो. म्हणून भाद्रपद संपता संपता खळं करायचं काम निघायचं. माती चोपायची, पाणी शिंपायचं, शेणाने सारवायचं, वाळलं की पुन्हा सारवायचं. शेण शेजारच्या आगाशी गावाच्या बाजूने, वाडीवाल्यांच्या गोठ्यातून यायचं आणि त्याच्या बदल्यात त्यांच्या घरी जवळा जायचा. वाडवळ आणि कोळी यांच्यातलं हे देणंघेणं मी डोळ्यांनी पाहिलं आहे. गोठे कमी झाले, तसं तेही थांबलं. एक पाऊस पडला तर सगळं सारवण फुगून पोपडे धरायचं. परतीच्या पावसाचा खरा तोटा हा. भिजलेला जवळा दिसतो, पण पुन्हा सारवण्यात मोडलेली कंबर कुणाच्या हिशेबात येत नाही.

आश्विनातला पाऊस दुपारी उन्हाने माथा तापवून संध्याकाळी पूर्वेकडून, डोंगराकडून येतो. आम्ही समुद्राकडे तोंड करून राहणारी माणसं, त्यामुळे तो पाठीमागून येतो. “पाऊस आयला गो, बोंबील काडा!” अशी एकीने हाक दिली की आळीतली प्रत्येक बाई, हातातलं टाकून, स्वतःची की शेजारणीची हे न बघता पहिली दिसेल त्या दोरीकडे धावायची. बाळंतीणसुद्धा दारात येऊन ओरडायची. दोन जावांचं बोलणं बंद असलं तरी त्या हाकेपुरतं ते उघडायचं.

आणि कावळे. मांजरं. माशा, ज्या ओल्या मासळीवर अंडी घालतात आणि मग दोन दिवसांनी सगळी वलांडी वळवळते. खारी हवा, जिच्यामुळे विळ्याला रात्रीत गंज चढतो. पावसाळ्यात फुगलेली दारं, जी आश्विनात आकसून भलत्याच जागी अडकतात. कौलं सरकून पडलेल्या फटी, ज्या पाऊस चालू असताना शाकारता आल्या नाहीत म्हणून आता शाकारायच्या, आणि शाकारणारा माणूस नेमका उधाणावर गेलेला. आईच्या काळी सुती आणि तागाची जाळी होती. ती कुजू नयेत म्हणून झाडाच्या सालीच्या काढ्यात उकळायची आणि अंगणभर वाळत घालायची. त्या काढ्याचा तांबूस डाग लुगड्याला लागला तर जन्माचा. १९६०च्या आसपास नायलॉन आलं आणि हा एक जाच एका पिढीत संपला. नायलॉनला नावं ठेवणाऱ्यांनी तो काढा ढवळलेला नसतो.

प्रत्येक सोय अशीच बिनतक्रार आली असं मात्र नाही. आमच्या जुन्या घरात चुलीच्या बरोबर वर माळा होता. सुकवलेली मासळी आगोटीची, म्हणजे पावसाळ्याची, बेगमी म्हणून तिथे ठेवायची, पाट्यांत, वरून माडाच्या झावळ्यांनी झाकून. सकाळ-संध्याकाळ चुलीचा धूर तिच्यातून जायचा. आषाढातला दमट वारा किंवा अळी यांचं त्या धुरापुढे काही चालायचं नाही. ऐंशीच्या दशकात आमच्याकडे गॅस आला. सासूच्या डोळ्यांची चुरचुर थांबली, भांडी घासण्याचा अर्धा वेळ वाचला, आणि पहिल्याच पावसाळ्यात माळ्यावरच्या बोंबलाला केसाळ अळी लागली. सगळा माल उकिरड्यावर. चूल अन्न शिजवायची तशी घर राखायचीही, हे आम्हा दोघींना तेव्हा कळलं. मग पत्र्याचे डबे आले, ते खाऱ्या हवेने गंजले. मग प्लास्टिकचे पिंप आले. त्यांचं झाकण हवाबंद असतं आणि आता माझ्या बोटांना ते उघडत नाही.

उतारवयातला आश्विन हा असा असतो. कामं तीच, त्यांच्याकडे नेणारे रस्ते अवघड होतात. आमचं वाळवण आता गच्चीवर असतं. सिमेंटवर जवळा पसरला तर वाळू लागत नाही, सारवायला लागत नाही, दुपारच्या दोन वाजता तो हातात धरवत नाही इतका तापतो. खळ्यापेक्षा गच्ची शंभर पटींनी बरी, हे मी मनापासून म्हणते. पण तिला जिना आहे. गुडघे सकाळी एकदा वर जायला राजी होतात, दुसऱ्यांदा नाही. म्हणून मी एकदा वर गेले की संध्याकाळपर्यंत तिथेच टाकीच्या सावलीत पेपर, पाणी आणि चष्मा घेऊन बसते. आमचे हे खाली असतात. त्यांना ऐकू कमी येतं, ढग गडगडले तरी कळत नाही, पण मोबाईलवर हवामान खात्याचा इशारा आला की खालून मोठ्याने वाचून दाखवतात. त्यांनी हौसेने नायलॉनची दोरी बांधली आहे. तिच्यावरून बोंबलाची जोडी वाऱ्याने घसरत घसरत एका टोकाला गोळा होते, मग मधल्या जोड्यांना हवा लागत नाही. काथ्या खरखरीत असतो, तो धरून ठेवतो. हे मी त्यांना दर वर्षी सांगते आणि दर वर्षी ते म्हणतात, काथ्या कुजतो. दोघांचंही खरं आहे.

पाण्याचीही तीच तऱ्हा. किनाऱ्याच्या वाळूत पावसाचं गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगून राहतं, म्हणूनच चारी बाजूंनी समुद्र असलेल्या किल्ल्यावरसुद्धा गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत. आश्विनात आमच्या विहिरीचं पाणी वर्षातलं सर्वांत गोड. माघ-फाल्गुनात ते मचूळ होऊ लागतं. बोअरवेली वाढल्या तशी ही गोडी लवकर संपते, आणि नळाच्या पाण्याचा दिवस चुकला की मासळी धुवायला कुठलं पाणी वापरायचं इथून वाद सुरू होतो.

परतीचा पाऊस पूर्वीही छळायचा, पण त्याला निदान अंत होता. २०१९मध्ये दिवाळीतच ‘क्यार’ वादळ अरबी समुद्रात उठलं आणि त्याच्या पाठोपाठ ‘महा’. वादळं लांबून गेली, पण ढग आमच्यावर राहिले. फराळाच्या ताटांशेजारी घरात दोऱ्या बांधून पंख्याखाली बोंबील टांगले होते. पंख्याने बोंबील सुकत नाही, आंबतो. विरारला राहणारी माझी सून त्या दिवाळीत आली होती. तिने नाकाला पदर न लावता माझ्याबरोबर ते सगळं खाली उतरवलं आणि पिशव्यांत भरलं. तिच्या इमारतीत सुका बोंबील भाजला तर शेजारून दार वाजतं, म्हणून ती तो इथे आल्यावरच खाते. ज्या मासळीने या पट्ट्यातल्या कित्येक घरांचं पोट भरलं ती आता दारं बंद करून खायची, हे मला सहन होत नाही.

शेवटी जागेबद्दल बोलायला हवं, कारण सगळ्या जाचांवर उपाय सापडले, यावर सापडलेला नाही. ज्या वाळूवर माझ्या आईची वलांडी होती, त्यातली काही समुद्राने घेतली. सुरूच्या झाडांची पुढची रांगच्या रांग मुळांसकट गेलेली मी पाहिली. उरलेल्या वाळूत शनिवार-रविवारी गाड्या उभ्या राहतात. पर्यटनाने गावात पैसा आला, मुलांना काम मिळालं, ते मी नाकारत नाही. पण वलांडी कुणाच्या सातबाऱ्यावर नव्हती. ती वहिवाट होती, आईकडून मुलीकडे, सासूकडून सुनेकडे आलेली. २०११च्या किनारा नियमन अधिसूचनेत मासळी सुकवण्याच्या जागांचा उल्लेख आहे, म्हणजे कायद्याला त्या ठाऊक आहेत. आता त्या गावाच्या नकाशावर यायला हव्यात. म्हणून या आश्विनात मी आळीतल्या वयस्क बायकांना एकेक करून विचारते आहे: तुझी दोरी कुठून कुठपर्यंत होती, शेजारी कुणाची, खळं कुठे, पावसात माल कुणाच्या ओसरीवर न्यायचीस. शाळेच्या जुन्या आखीव वहीत किनाऱ्याचा नकाशा काढून त्यावर खुणा करते आहे. उत्तरेकडची बाजू जवळजवळ भरली. दक्षिणेकडच्या दोघी पाडव्यानंतर बोलू म्हणाल्या आहेत, कारण अमावास्येचं उधाण तोंडावर आहे आणि त्यांच्या घरी अजून मासळी येते.