उत्कंठा : मराठी कादंबरीतील प्रेम आणि रहस्य

'कादंबरी' हा शब्द आपण इतक्या सहजतेने वापरतो की ते मुळात एका तरुणीचे नाव आहे, याचे स्मरण सहसा कोणाला होत नाही. सातव्या शतकात सम्राट हर्षाच्या आश्रयास असलेल्या बाणभट्टाने या नावाची एक संस्कृत गद्यकथा रचली. ती पूर्ण होण्याआधीच तो निवर्तला आणि त्याच्या पुत्राने ती शेवटास नेली. शूद्रक राजाच्या दरबारी एक पोपट आणला जातो. तो आपली हकीकत सांगू लागतो. त्या हकीकतीतून दुसरी निघते, दुसरीतून तिसरी. आणि अखेरीस उलगडा होतो की सिंहासनावर बसून ही प्रेमकथा ऐकणारा राजाच तिचा नायक आहे. जन्म पालटल्यामुळे त्याची स्वतःशीच ओळख उरली नव्हती, इतकेच. प्रेम आणि रहस्य यांचा असा एकजीव ज्या कथेत झाला, तिच्या नायिकेचे नाव मराठीने आणि कन्नडने एका सबंध साहित्यप्रकाराला देऊन टाकले.

दुसरा शब्द 'उत्कंठा'. आज रहस्यकथेच्या वाचकाची अवस्था सांगायला आपण हा शब्द योजतो. पण भरताच्या नाट्यशास्त्रात ज्या आठ नायिका सांगितल्या आहेत, त्यांतील एक 'विरहोत्कंठिता' आहे. प्रिय व्यक्ती ठरल्या वेळी आली नाही म्हणून व्याकूळ होऊन वाटेकडे डोळे लावून बसलेली ती स्त्री. प्रेमिकेची हुरहूर आणि वाचकाची हुरहूर या दोहोंना आपल्या भाषेने एकच शब्द ठेवला आहे.

हे सांगण्याचे कारण असे की, प्रेमकथेत रहस्य कसे मिसळावे, असा प्रश्न कादंबरी लिहू पाहणारे तरुण पुष्कळदा विचारतात. जणू काही हे दोन निराळ्या डब्यांतील जिन्नस असून, कोणता किती घालावा एवढेच ठरवायचे असते! मराठी कथनाचा इतिहास मात्र असे सांगतो की हे दोन्ही रस मुळात एकाच ठिकाणी उगम पावले, पुढे काही कारणांनी त्यांची ताटातूट झाली, आणि ती ताटातूट दोघांनाही मानवली नाही. या इतिहासात मराठवाड्याचा, विशेषतः नांदेड आणि लातूर या भागाचा, काही वाटा आहे. तो येथे पाहावयाचा आहे.

देवगिरीच्या यादवांच्या अमदानीत, तेराव्या शतकाच्या अखेरीस, नरेंद्र कवीने 'रुक्मिणीस्वयंवर' रचले. राजा रामदेवरावाने हे काव्य आपल्या नावावर करून मागितले आणि कवीने धनाचा मोह झुगारून नकार दिला, अशी आख्यायिका आहे. पुढे नरेंद्र महानुभाव पंथात गेला. त्या पंथाला पूज्य असलेले माहूर आज नांदेड जिल्ह्यात आहे. १५७१ साली पैठणच्या एकनाथांनी याच विषयावर आपले 'रुक्मिणीस्वयंवर' पूर्ण केले आणि मनाजोगता वर मिळावा म्हणून उपवर मुलींनी त्याचे पारायण करण्याची रीत महाराष्ट्रात रूढ झाली.

कथा सर्वांना ठाऊक होती. भावाने शिशुपालाशी विवाह ठरविला आहे. रुक्मिणीने कृष्णाला पत्र धाडले आहे. लग्नाचा दिवस उजाडत आहे आणि द्वारकेहून निरोप आलेला नाही. शेवट माहीत असूनही ऐकणाऱ्या मुलीचा जीव टांगणीला लागत असे. कारण त्या मुलीचेही लग्न दुसरेच कोणी ठरवीत होते आणि तिला तर पत्र पाठविण्याचीही सोय नव्हती. शेवट ठाऊक नसणे ही उत्कंठेची आवश्यक अट नाही, हा या जुन्या काव्याने दिलेला पहिला धडा होय. ऐकणाऱ्याचा जीव कोणावर तरी जडला असला पाहिजे, ही खरी अट.

आता एकोणिसाव्या शतकात येऊ. १८५७ साली 'यमुनापर्यटन' प्रसिद्ध झाले. पहिली मराठी कादंबरी हा मान बहुधा याच ग्रंथाला दिला जातो. लेखक बाबा पदमनजी हे मूळचे बेळगावचे. १८५४ साली त्यांनी ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली होती. विधवांच्या दुःस्थितीचे निरूपण हा त्यांचा उघड हेतू. विनायक आणि यमुना हे परस्परांवर प्रेम करणारे सुविद्य जोडपे प्रवासाला निघते आणि वाटेत त्यांना ठिकठिकाणच्या विधवांच्या करुण कहाण्या ऐकावयास मिळतात. ग्रंथात उपदेश पुष्कळ आहे, पण रचनेतील एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. प्रत्येक कहाणीगणिक वाचकाच्या मनात एक धास्ती वाढत जाते : या यमुनेवर तर ही पाळी येणार नाही ना? आणि ती येते. विनायक प्रवासातच मरण पावतो. पुढे यमुना ख्रिस्ती होते व पुनर्विवाह करते. येथे गूढ असे काही नाही. तरीही उत्कंठा आहे आणि ती पतिपत्नींच्या प्रेमातूनच जन्मली आहे.

परंतु पुढील लेखकांनी ही वाट धरली नाही. १८६१ साली लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांची 'मुक्तामाला' आली आणि १८६८ साली नारो सदाशिव रिसबूड यांची 'मंजुघोषा'. राजपुत्र, सुंदर राजकन्या, दुष्टांची कारस्थाने, ताटातूट आणि पुनर्भेट यांचा तो अद्भुतरम्य प्रपंच होता. मात्र 'मंजुघोषे'च्या प्रस्तावनेत रिसबुडांनी जी अडचण मोकळेपणाने मांडली, ती कादंबरीपेक्षाही महत्त्वाची ठरली. त्यांच्या म्हणण्याचा आशय असा की, आपल्या लोकांतील विवाहाच्या चालीमुळे व अन्य कारणांमुळे आपल्या आयुष्यात मनोवेधक असे काही घडतच नाही. रोजच्या अनुभवातले लिहावे तर ते चटकदार होत नाही, म्हणून मनोरंजनासाठी अद्भुताचा आश्रय करावा लागतो.

ही तक्रार हसण्यावारी नेण्यासारखी नाही. आठ-दहा वर्षांच्या मुलीचे लग्न वडीलधारे लावून देत, तेथे प्रेम जुळण्याला अवसरच नव्हता. मग त्यात विघ्ने तरी कोठून येणार? म्हणून प्रेमाला राजवाड्यात नेऊन बसवावे लागले आणि विघ्न आणण्यासाठी राक्षसी वृत्तीचे खलपुरुष निर्माण करावे लागले. प्रेम आणि रहस्य तेथे एकत्र होते खरे, पण दोघेही आपल्या घराबाहेर होते.

त्यांना घरात आणले ते हरि नारायण आपटे यांनी. १८९० साली त्यांनी 'करमणूक' हे साप्ताहिक काढले आणि त्यातून 'पण लक्षात कोण घेतो' क्रमशः छापण्यास आरंभ केला. योगायोग असा की तिच्याही नायिकेचे नाव यमुनाच. ती स्वतःच आपली कहाणी सांगते. लग्न वडीलधाऱ्यांनीच ठरविलेले आहे, पण पती रघुनाथराव सुशिक्षित व समंजस निघतो. तो तिला लिहावाचावयास शिकवितो. मुंबईच्या बिऱ्हाडात दोघांना थोडे सुखाचे दिवस लाभतात. लग्नानंतरही प्रेम जुळू शकते आणि तेही शब्द, पुस्तके, चेष्टामस्करी यांतून, हे आपट्यांनी दाखविले. रिसबुडांच्या अडचणीला दिलेले हे उत्तरच म्हणावयाचे. आणि संकट? त्यासाठी कारस्थानी प्रधानाची गरज पडली नाही. एकत्र कुटुंबातील शंकरमामंजी पुरेसे होते. पतीच्या मृत्यूनंतर यमूचे बळजबरीने केशवपन होते, तो प्रसंग वाचताना अंगावर काटा येतो, कारण त्या घराची बारीकसारीक ओळख आपल्याला झालेली असते.

ऐतिहासिक कादंबरीतही आपट्यांनी तोच न्याय लावला. सिंहगडाचा किल्ला मराठ्यांनी घेतला आणि तानाजी पडला, हे शाळकरी मुलालाही ठाऊक असते. 'गड आला पण सिंह गेला' मध्ये त्यांनी उदेभानाच्या कैदेत सापडलेली कमलकुमारी आणली. गडाचे काय होणार ते वाचक जाणतो. तिचे काय होणार ते जाणत नाही. एका असहाय स्त्रीच्या काळजीने तो जुना पोवाडा पुन्हा नवा झाला.

विसाव्या शतकात मात्र वाटणी झाली. १९२९ च्या शारदा कायद्याने मुलींचे लग्नाचे किमान वय चौदा ठरले; शहरांतून मुली महाविद्यालयांत जाऊ लागल्या; प्रेम जुळण्याला आता राजवाडा नको होता. ना. सी. फडके यांनी १९३१ साली 'प्रतिभासाधन' लिहून कथेची गुंफण, गुंतागुंत आणि उकल यांची शिकवण दिली, आणि प्रेमकथेला एक नेटके रूप आले. दुसरीकडे बाबूराव अर्नाळकरांचे झुंजार आणि काळा पहाड घराघरांत पोहोचले. त्यांच्या रहस्यकथांची संख्या हजारावर गेली. वाचनालयात प्रेमकथांचे कपाट वेगळे आणि रहस्यकथांचे वेगळे झाले. एकीकडे गैरसमज दूर झाला की लग्न ठरे. दुसरीकडे खुनी सापडला की पुस्तक मिटे. दोन्हींनी असंख्यांना वाचनाची गोडी लावली, हे त्यांचे ऋण मान्य केलेच पाहिजे. पण एकाला धास्ती उरली नाही आणि दुसऱ्याला जिव्हाळा.

मराठवाडा या वाटणीपासून काहीसा दूर होता. १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यात होता. राज्यकारभार आणि उच्च शिक्षण उर्दूत चाले. मराठी पुस्तक मिळविणे हेच तेथे कष्टाचे काम होते. परभणीचे बी. रघुनाथ निजामाच्या बांधकाम खात्यात नोकरी करीत कविता, कथा आणि कादंबऱ्या लिहीत राहिले. नांदेडचे नरहर कुरुंदकर आरंभी शाळेत शिक्षक, पुढे पीपल्स कॉलेजात प्राध्यापक व प्राचार्य. त्यांनी 'धार आणि काठ' या ग्रंथात मराठी कादंबरीच्या वाटचालीचा विचार केला. पुण्या-मुंबईच्या बाहेर, गोदावरीच्या काठी बसलेल्या एका शिक्षकाने सबंध मराठी कादंबरीचा जमाखर्च मांडावा, ही गोष्ट लहान नव्हे.

आणि लातूर तालुक्यातील काटगाव येथे १९४० साली जन्मलेले रा. रं. बोराडे. त्यांची 'पाचोळा' ही कादंबरी १९७१ साली आली. एका खेड्यातील शिंप्याच्या घराची ही गोष्ट त्याची पत्नी मराठवाडी बोलीत सांगते. तिला कोणी प्रेमकथा म्हणणार नाही, रहस्यकथा तर नाहीच. तरीही नवऱ्याचा मानी स्वभाव त्याला कोठे नेणार, ही त्या बाईच्या मनातील धाकधूक पानोपानी वाढत जाते. प्रेमाचा उच्चार नाही; त्याच्यासाठी झुरणे, त्याच्यावर रागावणे, त्याची वाट पाहणे आहे. एका यमुनेची वाट दुसरीने चालविली आणि ती येथे काटगावच्या शिवारापर्यंत येऊन पोहोचली, असे मला वाटते. बोराडे २०२५ साली निवर्तले. त्यांचे हे पुस्तक आजही वाचले जाते.

कसबाच्या दृष्टीने याचा अर्थ काय, हे सांगण्यास आपल्या घरातील बायबलमधील तोबीतचा ग्रंथ पुरेसा आहे. साराचे सात पती लग्नाच्याच रात्री दगावले आहेत. आठवा वर तोबिया खोलीत जातो. इकडे सासरा रगुएल रात्रीच अंगणात कबर खणून ठेवतो, म्हणजे शेजाऱ्यांना कळण्याआधी सारे उरकता येईल. मग एक दासी दिवा घेऊन आत डोकावते, आणि दोघे शांत झोपलेले तिला दिसतात. कबर, दिवा आणि झोपलेले जोडपे. तीन साध्या गोष्टी. पण तोबिया आणि सारा यांनी आधी प्रार्थना केली नसती, एकमेकांचा हात धरला नसता, तर त्या दिव्याच्या उजेडात काय दिसते याची आपल्याला काय पर्वा वाटली असती? लेखकाने आधी माणसे द्यावीत, मग अंधार द्यावा.

रिसबुडांनी म्हटले होते, आपल्या आयुष्यात मनोवेधक काही नाही. नांदेड-लातूरच्या कोणत्याही वयोवृद्ध माणसासमोर हे वाक्य उच्चारून पाहावे. १९४७-४८ साली रझाकारांच्या भयाने कुटुंबे सरहद्दीपार गेली. तरुण मुले सरहद्दीवरील कॅम्पांत दाखल झाली. १९४८ च्या जानेवारीत नांदेड भागातील उमरीची बँक स्वातंत्र्यसैनिकांनी लुटून लढ्यासाठी पैसा उभा केला. त्या रात्री दाराची कडी वाजली तेव्हा आपला माणूस आला की पोलीस, हे न कळून ज्या नवपरिणीत मुली श्वास रोखून उभ्या राहिल्या असतील, त्यांना विरहोत्कंठिता म्हणजे काय हे भरतमुनीकडून शिकावे लागले नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीची जमीन हादरली आणि सुमारे दहा हजार माणसे गेली. ढिगाऱ्यापाशी आपल्या माणसाचे नाव घेऊन हाका मारणाऱ्यांची उत्कंठा कोणत्या कपाटात ठेवावयाची?

या भागातील जो तरुण वा तरुणी आज कादंबरी लिहावयास बसेल, त्याने बाहेरून अद्भुत आणण्याचे श्रम घेऊ नयेत. घरातल्या आजीजवळ बसावे, आणि त्या वर्षी ती कोणाची वाट पाहत होती, एवढेच तिला विचारावे.