एका स्वराचा इतिहास : नेब्रिखा, बेयो आणि स्पॅनिशमधील आश्रितार्थ

स्पॅनिशमधील 'आमार' (प्रेम करणे) हे नियमित क्रियापद वर्तमानकाळी स्वार्थात 'आमो, आमास, आमा, आमामोस, आमाइस, आमान' असे चालते. इच्छा, संशय, निषेध किंवा हेतू दाखविणाऱ्या वाक्याच्या आश्रयास ते आले की त्याची रूपे 'आमे, आमेस, आमे, आमेमोस, आमेइस, आमेन' अशी होतात. 'कोमेर' (खाणे) आणि 'बीबीर' (जगणे) या अन्य दोन गणांतील क्रियापदांत याच्या नेमके उलट घडते. स्वार्थातील 'कोमे' आणि 'बीबे' यांच्या जागी 'कोमा' आणि 'बीबा' येतात. ज्या गणाचा स्वर 'आ', त्याला 'ए' मिळतो; इतरांना 'आ' मिळतो. या अर्थाचे पारंपरिक लॅटिन नाव 'खाली जोडलेला' असे सुचविते, म्हणून येथे त्यास 'आश्रितार्थ' म्हटले आहे.

स्वरांची ही अदलाबदल लॅटिनपासूनची आहे. तेथे 'आमात' म्हणजे 'तो प्रेम करतो', तर 'आमेत' हे त्याचे आश्रितार्थी रूप. पुढे अंत्य 'म' आणि 'त' लोपले. त्यामुळे 'आमेम' (प्रथमपुरुष) आणि 'आमेत' (तृतीयपुरुष) ही दोन्ही रूपे स्पॅनिशमध्ये 'आमे' अशी एकच झाली. रूपाचा इतिहास असा सरळ असला, तरी त्याच्या वर्गीकरणाचा इतिहास तसा नाही. हे रूप कोणत्या कोष्टकात बसवावे, या प्रश्नाच्या दोन उत्तरांत भाषेकडे पाहण्याच्या दोन दृष्टी सामावलेल्या आहेत.

पहिले उत्तर आन्तोनियो दे नेब्रिखा याचे. 1492 साली सालामांका येथे प्रसिद्ध झालेले त्याचे कास्तिली भाषेचे व्याकरण राणी इसाबेल हिला अर्पण केलेले असून, भाषा ही नेहमीच साम्राज्याची सहचरी राहिली आहे, हा त्याच्या प्रस्तावनेतील विचार सुविख्यात आहे. नेब्रिखाने क्रियापदाचे पाच अर्थ मानले : स्वार्थ, आज्ञार्थ, इच्छार्थ, आश्रितार्थ आणि भाववाचक. परिणामी 'आमे' हे एकच रूप त्याच्या ग्रंथात दोनदा येते. एकदा 'ओखाला' या इच्छादर्शक शब्दासह इच्छार्थात, आणि दुसऱ्यांदा 'कोमो' या अव्ययासह आश्रितार्थात. ही विभागणी कास्तिलीच्या निरीक्षणातून आलेली नव्हती. लॅटिनच्या शालेय व्याकरणांत 'आमेम' हे रूप 'उतिनाम' आणि 'कुम' या दोन शब्दांखाली वेगवेगळे शिकविले जाई. त्याच साच्यात नेब्रिखाने कास्तिली ओतली. विशेष असे की, ज्या 'ओखाला'च्या आधारे त्याने लॅटिनचा कप्पा भरला, तो शब्द आंदालुसी अरबीतून आलेला असून 'अल्लाची इच्छा असेल तर' हा त्याचा मूळ आशय आहे.

दुसरे उत्तर साडेतीन शतकांनंतर दक्षिण अमेरिकेतून आले. काराकास येथे 1781 मध्ये जन्मलेला आन्द्रेस बेयो 1810 ते 1829 या काळात लंडनमध्ये राहून नंतर चिलीत स्थायिक झाला. 1841 मध्ये त्याने कास्तिली क्रियापदाच्या काळांचे विश्लेषण प्रसिद्ध केले आणि 1847 मध्ये अमेरिकावासीयांच्या उपयोगासाठी म्हणून संपूर्ण व्याकरण लिहिले. कास्तिलीवर लॅटिनचे साचे लादण्यास त्याचा स्पष्ट विरोध होता. त्याच्या मते क्रियापदाचा अर्थ ठरतो तो ते ज्या शब्दाच्या किंवा वाक्यांशाच्या अधीन असते वा असू शकते त्याच्या प्रभावावरून. 'मला माहीत आहे' याच्या अधीन 'आमा' येते. 'माझी इच्छा आहे' किंवा 'मला शंका आहे' यांच्या अधीन 'आमे' येते. कसोटी मनोवृत्तीची नाही, वाक्यरचनेची आहे. इच्छार्थ ही संज्ञा बेयोने टाकली नाही. परंतु स्वतंत्र वाक्यात इच्छा व्यक्त करणारी रूपे मुळात आश्रितार्थाचीच होत, हे त्याने दाखविले. उलट 'आमारे' या रूपाचा वापर निराळा असल्याने त्यास 'सांकेतिक आश्रितार्थ' असे स्वतंत्र स्थान दिले.

तथापि बेयोला केवळ स्वातंत्र्याचा वैयाकरण मानणे एकांगी ठरेल. लॅटिन जशी विघटित झाली तशी कास्तिलीही नव्या प्रजासत्ताकांत अनेक बोलींमध्ये फुटेल, ही भीती त्याच्या प्रस्तावनेत व्यक्त झाली आहे. चिलीतील लोकांच्या तोंडी असलेल्या 'बोस'-प्रयोगाची त्याने 1833-34 मधील लेखांत निर्भर्त्सना केली. पण त्या बोलीची आजची रूपे पाहिली तर स्वार्थात 'आमाइ' आणि आश्रितार्थात 'आमीस', तर दुसऱ्या गणात 'कोमीस' आणि 'कोमाइ' अशी जोडी आढळते. ज्या व्यवस्थेचे रक्षण बेयोला अभिप्रेत होते, तिचा गाभा त्याने त्याज्य ठरविलेल्या बोलीनेही जपला आहे.

तौलनिक अभ्यासाला येथून मिळणारा इशारा मराठीच्या संदर्भातही महत्त्वाचा आहे. 'त्याने यावे अशी माझी इच्छा आहे' या वाक्यामुळे आश्रितार्थ म्हणजे विध्यर्थ असे समीकरण सहज मांडले जाते. परंतु मराठी विध्यर्थ हा संस्कृत 'तव्य' प्रत्ययाचा वारस आहे. म्हणूनच त्याचा कर्ता तृतीयेत जातो आणि 'त्याने ग्रंथ वाचावा, पोथी वाचावी' असे रूप कर्मानुसार बदलते. स्पॅनिश रूप कर्त्याच्या पुरुष-वचनाशी बांधलेले राहते. शिवाय 'क्वान्दो कोमा' याचे मराठी 'तो खाईल तेव्हा' असे भविष्यकाळी होते, आणि 'नो आय नादिए के आमे' याचे 'प्रेम करणारा कोणीही नाही' असे धातुसाधिताने होते. एका स्वराने स्पॅनिश जे साधते, त्यासाठी मराठीला किमान तीन निरनिराळ्या रचना लागतात. त्या तिन्हींना विध्यर्थाच्या एका कोष्टकात कोंबणे म्हणजे नेब्रिखाच्या मार्गाने जाणे होय. कोणते रूप कोणाच्या अधीन आहे, हा बेयोचा प्रश्न प्रत्येक भाषेला तिच्या स्वतःच्या वाक्यांतून विचारला, तरच भाषांतराची तुलना नावांच्या साम्यापाशी न थांबता रचनेपर्यंत पोहोचते.