नकोसा कॉली

‘वय दीड वर्ष. जात कॉली. हुशार, मायाळू, पण अंगात रग फार. मोकळी जागा आणि भरपूर वेळ असलेलं घर हवं.’ अशा धर्तीच्या जाहिराती ब्रिटनमधली प्राण्यांची आश्रयगृहं नेहमी देत असतात. वधू-वर सूचक मंडळाची आठवण व्हावी असा मजकूर. फरक इतकाच, की इथे स्थळाचे दोष लपवत नाहीत. गाड्यांमागे धावतो, मुलांच्या टाचा धरतो, एकटा ठेवला तर घर डोक्यावर घेतो, सगळं सांगून टाकतात. आता इतकं हुशार आणि देखणं जनावर ऐन उमेदीत बेघर का होतं? याचं उत्तर शोधायला शंभर-दीडशे वर्षं मागे जावं लागतं.

कॉली हा स्कॉटलंड आणि उत्तर इंग्लंडच्या सरहद्दीवरचा मेंढपाळांचा कुत्रा. आपल्याकडे धनगरांच्या वाड्याभोवती असतो तो राखणीचा. लांडगा आला तर अंगावर जाणारा. कॉलीचं काम निराळं. डोंगरावर पांगलेला कळप धन्याच्या शिटीसरशी गोळा करायचा आणि एकाही मेंढीला इजा न करता खाली आणायचा. नॉर्थम्बरलँडमध्ये ॲडम टेल्फर या मेंढपाळाकडे १८९३ साली हेम्प नावाचं पिल्लू जन्मलं. हा कुत्रा आरडाओरडा न करता नुसती नजर रोखायचा आणि मेंढ्या वळायच्या. आजच्या बहुतेक बॉर्डर कॉलींची वंशावळ या हेम्पपर्यंत जाऊन पोचते. जे हलतं त्यावर डोळा ठेवायचा, जे पांगतं ते वळवायचं, हा गुण माणसाने पिढ्यान्‌पिढ्या निवडून निवडून त्याच्या रक्तात उतरवला. मग हाच कुत्रा तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत आणून ठेवला, तर मेंढ्या त्याने आणायच्या कुठून? तो सायकली वळतो, मुलं वळतो. आपण म्हणतो, कुत्रा बिघडला.

१८७३ हे साल या बाबतीत मोठं गमतीचं आहे. त्या वर्षी वेल्समधल्या बाला या गावी मेंढपाळी कुत्र्यांची एक गाजलेली स्पर्धा झाली. त्यात काम बघून बक्षीस होतं. त्याच वर्षी लंडनमध्ये केनेल क्लब स्थापन झाला आणि रूप बघून बक्षीस देण्याच्या प्रथेला कायमचं घर मिळालं. त्याआधीच व्हिक्टोरिया राणीला स्कॉटलंडमधल्या बाल्मोरल इथे कॉलींचा लळा लागला होता. शार्प आणि नोबल ही तिच्या लाडक्या कॉलींची नावं आजही सांगितली जातात. राणीने पाळलं म्हटल्यावर सरदार-दरकदारांनाही ते हवंसं झालं. आयाळ दाट झाली, नाक लांब-निमुळतं झालं. मेंढपाळाचा कुत्रा दिवाणखान्यात आला, पण येताना आपली धावायची खोड घेऊनच आला.

टाकलेल्या कुत्र्यांची सोय मात्र एका सामान्य बाईने केली. मेरी टील्बी तिचं नाव. १८६० साली लंडनच्या हॉलोवे भागात तिने हरवलेल्या आणि उपाशी कुत्र्यांसाठी आश्रयगृह काढलं. वर्तमानपत्रांनी टिंगल केली. माणसं उपाशी असताना हे काय खूळ, असा सूर होता. दोन वर्षांनी चार्ल्स डिकन्सच्या साप्ताहिकात मात्र एक सुंदर लेख आला. थाटामाटाचं श्वानप्रदर्शन आणि हे हॉलोवेचं आश्रयगृह, अशी दोन ‘प्रदर्शनं’ त्यात शेजारी शेजारी ठेवली होती. मेरीबाई १८६५ साली वारल्या. १८७१ मध्ये संस्था बॅटरसीला गेली आणि ‘बॅटरसी’ म्हणून जगभर ओळखली गेली.

आता थोडं आपल्याकडे. मुंबईकरांनी हा विचार लंडनच्या आधी केला होता, हे फारसं सांगितलं जात नाही. जून १८३२ मध्ये भटकी कुत्री मारण्याच्या सरकारी मोहिमेविरुद्ध पारशी रस्त्यावर उतरले. दुकानं बंद झाली, दंगल झाली. इतर समाजांतले लोकही त्यांच्या बाजूने आले. १८३४ साली जमशेटजी जीजीभॉय आणि मोतीचंद अमीचंद यांच्या पुढाकाराने मुंबईचा पांजरपोळ उभा राहिला. आम्हा मुसलमानांच्या घरात कुत्रं सहसा उंबऱ्याच्या आत घेत नाहीत, हे तुम्हाला ठाऊक असेल. पण कुरआनातल्या कहफच्या सूरेत गुहेत झोपलेल्या त्या तरुणांबरोबर, उंबऱ्याशी पुढचे पाय पसरून बसलेलं एक कुत्रं आहे, आणि त्याला त्या मंडळींतून वगळलेलं नाही. वस्तीतल्या कुत्र्याला भाकरी घालणाऱ्या बायाबापड्यांना ही कथा पक्की माहीत असते.

कॉलीचं सगळ्यांत प्रसिद्ध नाव लॅसी. यॉर्कशरमध्ये जन्मलेल्या एरिक नाइट या लेखकाने १९३८ साली तिची कथा लिहिली, १९४० साली त्याची कादंबरी झाली. बेकारीने गांजलेलं एक कुटुंब नाइलाजाने आपली कुत्री एका सरदाराला विकतं. ती स्कॉटलंडहून पायी घरी परतते. मेट्रो-गोल्डविन-मेयरने १९४३ साली त्यावर चित्रपट काढला. तो पडद्यावर आला तेव्हा नाइट हयात नव्हता. त्याच वर्षी जानेवारीत विमान अपघातात तो गेला.

लॅसीचं काम करणारा कुत्रा होता नर, नाव पाल. १९४० चा जन्म, कॅलिफोर्नियातला. हा पाल चक्क नकोसा झालेला कुत्रा होता. सारखा भुंकायचा आणि मोटारसायकलींमागे धावायचा, म्हणून मालकाने त्याला रड वेदरवॅक्स या शिक्षकाकडे धाडलं. भुंकणं आटोक्यात आलं, धावणं काही सुटेना. मालक कंटाळला आणि शिकवणीचे पैसे देण्याऐवजी त्याने कुत्राच वेदरवॅक्सच्या पदरात टाकला. वेदरवॅक्सनेही तो एका स्नेह्याला देऊन टाकला होता. चित्रपटाची बातमी कानावर आल्यावर दहा डॉलर मोजून परत आणला, अशी हकिकत सांगतात. तेव्हाही मुख्य काम दुसऱ्याच कॉली मादीकडे होतं. पुराने फुगलेल्या नदीचं दृश्य आलं आणि पाल पाण्यात उतरला. पलीकडे थकून, निथळत, पाय ओढत असा काही बाहेर आला, की भूमिका त्याचीच झाली.

पुढे काय झालं तेही ऐका. अमेरिकेतल्या श्वाननोंदणीचा एक अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. त्यानुसार या चित्रपटानंतरच्या दोन वर्षांत कॉलींची नोंदणी सुमारे ४० टक्क्यांनी वाढली. लोकांना हवी होती पडद्यावरची शहाणी लॅसी. घरी येत होतं ते एका मेंढपाळाचं धावरं पिल्लू. यातली किती पिल्लं पुढे पालसारखी या दारातून त्या दारात गेली असतील, कोण जाणे!

पाल १९५८ साली गेला. त्याच्यानंतर त्याच्या मुलानातवंडांनी लॅसीचं काम सांभाळलं. मोटारसायकलींमागे धावण्याची त्याची खोड वेदरवॅक्सला शेवटपर्यंत मोडता आली नाही म्हणतात. पण वेदरवॅक्सने त्यापायी त्याला पुन्हा कुणाला देऊन टाकलं नाही.