धान्याचा सोबती

'बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी' ही म्हण मराठी घरांत लहानथोर सर्वांच्या तोंडी असते. तुरी अजून बाजारातच आहेत, घरात त्यांचा एक दाणाही आलेला नाही. पण त्यांचे काय करावे यावरून नवराबायकोचे भांडण मात्र जुंपले आहे! मराठी भाषेने मनुष्यस्वभावाचे कितीतरी नमुने असे कडधान्यांच्या मापानेच मोजले आहेत. अडचणीच्या वेळी गप्प बसणारा मूग गिळतो. निसटून जाणारा हातावर तुरी देतो. स्तुतीने फुगणाऱ्यास हरभऱ्याच्या झाडावर चढवितात. आणि ज्याचा बेत साधत नाही त्याची डाळ शिजत नाही.

भाषेत इतकी खोल रुजलेली ही वस्तू ताटात मात्र दुय्यमच मानली गेली. जेवण म्हणजे भात किंवा भाकरी. डाळ-उसळ हे कालवण, कोरड्यास, तोंडी लावणे. धान्य हा घरधनी आणि कडधान्य हा आश्रित, अशीच बहुतेकांची समजूत. परंतु इतिहास काही वेगळेच सांगतो. कडधान्य हा धान्याचा आश्रित नव्हे, सोबती होय. आणि ज्या ज्या वेळी ही सोबत तुटली, त्या त्या वेळी माणसांच्या शरीरांनी तिचे मोल चुकते केले आहे.

ही सोबत किती जुनी? पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव नावाचे खेडे आहे. तेथे डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी १९६८ पासून १९८३ पर्यंत उत्खनन केले. इसवी सनापूर्वी सुमारे १६०० ते ७०० या काळात तेथे शेतकऱ्यांची वस्ती होती. त्यांच्या घरांच्या मातीत जळून कोळसा झालेले जे दाणे सापडले, त्यांत जव आणि गहू यांच्या जोडीला मसूर, कुळीथ व वाटाणा हेही होते. महाराष्ट्राच्या भूमीवर शेती करणाऱ्या ज्या अगदी जुन्या गावांची माहिती आहे, त्यांतील हे एक गाव. आणि त्याच्या कणगीत धान्य व कडधान्य शेजारी शेजारी नांदत होते.

हे सोबती सारे एकाच देशचे नव्हेत. मूग, उडीद, मटकी आणि कुळीथ ही याच भूमीची लेकरे. तुरीचे माहेर ओरिसा आणि छत्तीसगडच्या बाजूचे. तिचे रानटी भाऊबंद आजही तिकडच्या जंगलांत आढळतात. हरभरा आणि मसूर मात्र पश्चिम आशियातून, तुर्कस्थान व सीरियाच्या टापूतून, गव्हाच्या बरोबरीनेच पूर्वेकडे आले. चवळी आफ्रिकेतून आली. राजमा आणि श्रावणघेवडा ही तर अगदी अलीकडची पाहुणे मंडळी. अमेरिका खंडाचा शोध लागल्यानंतर ती समुद्रमार्गे येथे पोहोचली. असे देशोदेशीचे दाणे मराठी चुलीवर येऊन एकाच फोडणीत मिसळले.

ग्रंथांची साक्षही याच बाजूची आहे. यजुर्वेदातील 'चमक' या मंत्रसमूहात यजमान जी धान्ये मागतो, त्यांत व्रीही, जव व गहू यांच्याबरोबर माष म्हणजे उडीद, मुद्ग म्हणजे मूग, आणि मसूर यांची नावे येतात. संस्कृतात शिजविलेल्या डाळीला 'सूप' हा शब्द आहे, आणि स्वयंपाक्याला 'सूपकार' म्हणतात. ज्याला डाळ शिजविता येते तो स्वयंपाकी, असाच जणू त्या नावाचा अर्थ! मराठीत पाकशास्त्राचे पहिले छापील पुस्तक रामचंद्र सखाराम गुप्ते यांनी १८७५ साली प्रसिद्ध केले, त्याचेही नाव 'सूपशास्त्र' असेच आहे. ज्या डाळीला घरोघर तोंडी लावणे म्हणतात, तिच्या नावाने साऱ्या शास्त्राचे बारसे झाले, ही गोष्ट मौजेची खरी.

बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्य घराण्यातील राजा सोमेश्वर तिसरा याच्या नावे 'मानसोल्लास' हा ग्रंथ तयार झाला. त्यातील अन्नाच्या प्रकरणात राजाच्या ताटात येणाऱ्या डाळींचे आणि उडदाच्या पदार्थांचे रसभरित वर्णन आहे. चौदाव्या शतकात आलेल्या इब्न बतूता या मोरोक्कोच्या प्रवाशाने मूग आणि तांदूळ एकत्र शिजवून तुपाबरोबर खाण्याची येथील चाल नोंदविली आहे. ती खिचडी लोकांची रोजची न्याहारी होती. म्हणजे राजाच्या पंक्तीला डाळ होती आणि सामान्यांच्या न्याहारीलाही ती होतीच. गरिबीमुळे पत्करलेला हा पदार्थ नव्हे.

ही जोडी ताटात जमण्यापूर्वी शेतात जमलेली असते. दख्खनच्या शेतकऱ्याने ज्वारी किंवा बाजरी पेरताना मधून मधून तुरीच्या ओळी धरल्या. त्याला विचारले असते तर 'जमीन चांगली राहते' एवढेच उत्तर त्याने दिले असते. तिचे कारण १८८६ साली हेलरीगेल या जर्मन शास्त्रज्ञाने उलगडून दाखविले. कडधान्यांच्या मुळांवर ज्या लहान लहान गाठी असतात, त्यांतील सूक्ष्म जंतू हवेतील नत्र ओढून घेऊन वनस्पतीला पुरवितात. धान्य जमिनीतून नत्र घेते. कडधान्य आपली बरीचशी गरज हवेतून भागविते, आणि त्याचा पालापाचोळा व मुळे कुजली म्हणजे मातीलाही काही परत देते. शेतातील जो उणे-अधिक हिशेब, तोच पुढे ताटात कसा उमटतो हे पाहण्यापूर्वी, ही सोबत तुटल्यावर काय झाले ते पाहणे अवश्य आहे.

पहिली हकीकत मध्य हिंदुस्थानातील सागर प्रांताची. तेथे १८२९ साली गारपिटीने, १८३० साली अवर्षणाने आणि १८३१ साली रोगाने गव्हाचे पीक बुडाले. टिकून राहिली ती फक्त लाखेची डाळ, जिला तिकडे तेवरा किंवा खेसारी म्हणतात. हे चिवट पीक कसल्याही संकटात तग धरते. लोकांनी तेच पोटभर खाल्ले, कारण दुसरे काही नव्हतेच. १८३३ पासून धडधाकट तरुण कंबरेपासून खाली लुळे पडू लागले. कर्नल स्लीमन या अधिकाऱ्याने १८४४ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या पुस्तकात ही करुण कहाणी लिहून ठेविली आहे. लाखेच्या दाण्यातील विषारी द्रव्य हिंदी शास्त्रज्ञांनी १९६४ साली निश्चित केले; तत्पूर्वी १९६१ मध्येच सरकारने या डाळीच्या विक्रीस बंदी घालण्याचे पाऊल उचलले होते. परंतु लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की, ज्या भागांत लोक धान्य भरपूर आणि लाख बेताची असे खात आले, तेथे हे अरिष्ट क्वचितच कोसळले. सोबत्याने एकट्यानेच घर चालवावे असा प्रसंग आला, तेव्हा तो घातकी ठरला.

दुसरी हकीकत याच्या नेमकी उलट. १८७६ ते १८७८ चा दुष्काळ दख्खन आणि मद्रास या दोहोंवर कोसळला. दुष्काळी कामांवर राबणाऱ्या मजुराला किती अन्न लागते, हा प्रश्न सरकारपुढे उभा राहिला. सर रिचर्ड टेंपल यांनी १८७७ च्या जानेवारीत ठरविले की, दिवसाला एक पौंड, म्हणजे अर्ध्या किलोहूनही कमी, धान्य आणि वर थोडी नाणी एवढी मजुरी पुरे. मद्रासचे आरोग्याधिकारी डॉक्टर कॉर्निश यांनी यास कडाडून विरोध केला. खडी फोडणाऱ्या माणसाचे शरीर एवढ्या धान्यावर टिकणार नाही; अन्न वाढविले पाहिजे, आणि त्यात नत्रयुक्त पदार्थ हवेत, असा त्यांचा आग्रह होता. मुंबई इलाख्यातही कपातीचा तोच मार्ग धरला गेला, तेव्हा हजारो मजूर कामे सोडून निघून गेले, आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू सरकारपुढे मांडली. काही महिन्यांनी मद्रास सरकारास आपला दर सुधारावा लागला. पण तोपर्यंत असंख्य माणसे खंगून मेली होती. पुढे १८८० च्या दुष्काळ आयोगाने शिध्याचा विचार केला, तेव्हा त्यात धान्याबरोबर डाळीलाही जागा मिळाली. घरोघरच्या बायकांना जे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होते, ते सरकारी कागदावर चढण्यास इतका काळ आणि इतके बळी लागले.

डॉक्टर कॉर्निश यांचे म्हणणे खरे का होते, हे कळण्यास आणखी काही वर्षे गेली. १९१४ साली अमेरिकेत ऑस्बोर्न आणि मेंडेल या दोघा शास्त्रज्ञांनी उंदरांच्या पिलांना प्रथिन म्हणून केवळ गव्हातील ग्लायडिन हे एकच द्रव्य दिले. पिले जगली, पण वाढेनात. त्या अन्नात लायसीन नावाचे द्रव्य मिसळताच ती झपाट्याने वाढू लागली. प्रथिने ही लहान लहान घटकांच्या साखळ्या असतात. त्यांतील एक जरी अवश्य घटक अपुरा पडला, तरी बाकीच्यांचा पुरता उपयोग होत नाही. तांदूळ, गहू, ज्वारी, बाजरी या सर्वांत लायसीन कमी. डाळींत ते भरपूर. उलट मेथायोनीन नावाचा दुसरा घटक डाळींत कमी, तर धान्यांत पुरेसा. एकाचे उणे ते दुसऱ्याचे अधिक! वरण-भात कालवणाऱ्या माउलीने लायसीनाचे नाव कधी ऐकले नव्हते. पण तिची मूठ अचूक पडत होती.

तीच दृष्टी मोड आलेल्या कडधान्यांकडे लाविली पाहिजे. कोरड्या मटकीत क जीवनसत्त्व जवळजवळ नसते. भिजवून, फडक्यात बांधून तिला मोड आणले म्हणजे ते तिच्यात उत्पन्न होते. १९१५-१६ साली मेसोपोटेमियात कूत येथे वेढ्यात अडकलेल्या हिंदी शिपायांना याच जीवनसत्त्वाच्या अभावी रक्तपिती झाली होती. १९१९ मध्ये लंडनच्या लिस्टर संस्थेतील हॅरिएट चिक आणि मेरियन डेल्फ या विदुषींनी मोड आलेल्या दाण्यांचा गुण प्रयोगांनी सिद्ध केला. उसळीची मटकी आदल्या दिवशी बांधून ठेवणाऱ्या घरांना हा गुण, नाव ठाऊक नसताही, लाभतच होता.

निलगिरीतील कुन्नूर येथे आहारसंशोधनाची सरकारी प्रयोगशाळा होती. ती १९५८ साली हैदराबादेस हलली. तेथील प्रमुख डॉक्टर ॲक्रॉइड यांनी १९३७ साली हिंदी अन्नपदार्थांच्या पोषणमूल्यांची पुस्तिका प्रसिद्ध केली. तिच्यातील समतोल आहारात माणशी दररोज तीन औंस, म्हणजे सुमारे ८५ ग्रॅम डाळ सांगितली आहे. या आकड्याशी पुढचा इतिहास ताडून पाहावा. १९६१ साली देशात दरडोई दररोज सुमारे ६९ ग्रॅम डाळी उपलब्ध होत्या. २००१ साली त्या सुमारे ३० ग्रॅमवर आल्या. मधल्या काळात हरितक्रांतीने गहू आणि तांदूळ यांची रास उभी केली आणि देशाला उपासमारीतून वाचविले, हे तिचे उपकार कोणी नाकारू नयेत. पण पाणी, खत आणि हमीची खरेदी यांचा ओघ त्या दोन धान्यांकडे वळला. डाळी कोरडवाहू जमिनीवरच राहिल्या, आणि माणसे मात्र वाढत गेली. घरधनी संपन्न झाला, सोबती मागे पडला. पुढील दोन दशकांत ही तूट काहीशी भरून निघाली खरी. तरीही २०१५ साली तूरडाळ किलोस दोनशे रुपयांच्या घरात गेली, तेव्हा शहरांतील घरांना बाजारातल्या तुरीची ती जुनी म्हण पुन्हा आठवली असेल.

सोयाबीनची कथा आणखी विलक्षण. चीनचा हा दाणा प्रथिनांनी सर्वांहून समृद्ध. महात्मा गांधींनी १९३५ साली वर्ध्याच्या मगनवाडीत त्याचे आहारातील प्रयोग केले. बडोदे संस्थानातील काळे यांनी १९३६ साली त्यावर स्वतंत्र इंग्रजी ग्रंथ लिहून हिंदी पद्धतीचे पदार्थही सुचविले. पुढे विदर्भ-मराठवाड्याची शिवारे सोयाबीनने भरून गेली. पण त्याचे तेल काढले जाते, पेंड बहुतांशी कोंबड्यांच्या खाद्यात जाते, आणि ज्या शेतकऱ्याने ते पिकविले त्याच्या ताटात ते क्वचितच येते. दाणा शेतात आला म्हणजे तो स्वयंपाकघरात आला, असे नव्हे. त्यासाठी पिढ्यांची चाल लागते.

ती चाल महाराष्ट्राजवळ आहे. खानदेशात ज्वारीबरोबर उडीद दळून कळण्याची भाकरी करितात. म्हणजे सोबत पिठातच बांधलेली. विदर्भात गोळाभात, कोकणात कुळथाची पिठी आणि भात, देशावर पिठले-भाकरी, गोव्यात मुगागाठी. आणि सणाच्या दिवशी गव्हाच्या पोळीत हरभऱ्याचे पुरण! प्रत्येक प्रांताने आपापल्या मातीतील जोडी शोधून काढली. दोन्ही पदार्थ एकाच घासात हवेत असेही नाही. दिवसभराच्या जेवणात ते आले म्हणजे काम भागते. तीन-चार वाट्या धान्यास एक वाटी डाळ, हे प्रमाण कोणत्याही घरास सहज पाळता येण्यासारखे आहे.

आज शहरातील डब्यांत पोळी आहे, बटाट्याची भाजी आहे, पाव आहे, बिस्किटे आहेत; डाळ असली तर ती पुष्कळदा पातळ पाण्यासारखी. पोट भरते, म्हणून काही उणे आहे असे जाणवत नाही. १८७७ सालच्या त्या एक पौंडाच्या हिशेबातही फक्त पोटाचाच विचार होता. इनामगावच्या घरांत सापडलेला मसुराचा जळका दाणा तीन हजार वर्षे मातीत पडून राहिला, आणि धान्याच्या शेजारी आपली जागा कोठे आहे ते त्याने सांगितले. ती जागा घरच्या ताटात मोकळी राहू नये, एवढेच पाहावयाचे.