विकासधोरण आणि नगरवाढ : चंद्रपूर व गडचिरोली

नियोजित नगर म्हटले की चंडीगड किंवा नवी मुंबई यांसारखी, आधी आराखडा आखून मग वसविलेली नगरे डोळ्यांपुढे येतात. परंतु आराखडा नसतानाही नगराला आकार देणारे नियोजन असू शकते. खाण कोठे उघडावी, लोहमार्ग कोठून न्यावा, कोणते वन राखावे आणि कचेऱ्या कोठे ठेवाव्यात, हे निर्णय वेगवेगळी खाती घेतात. त्यांच्या बेरजेतून जे उभे राहते तेही नियोजित नगरच होय. चंद्रपूर व गडचिरोली ही याची दोन परस्परभिन्न उदाहरणे आहेत.

परंपरेप्रमाणे गोंड राजा खांडक्या बल्लाळशाह याने बल्लारपूरहून राजधानी हलवून इरई व झरपट या नद्यांच्या सान्निध्यात चंद्रपूर वसविले. पुढील राजांच्या काळात कोट पुरा झाला. जटपुरा, अंचलेश्वर, पठाणपुरा व बिनबा हे चार दरवाजे, त्यांकडे जाणारे रस्ते आणि रामाळा तलाव यांवरून ही रचना नगरासाठीच योजिलेली होती हे स्पष्ट दिसते. कोट शत्रूला अडवी, तसाच नद्यांच्या पुरालाही.

१८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाल्यावर निर्णयाचे केंद्र नगराबाहेर गेले. वरोऱ्याच्या कोळशासाठी वर्ध्याहून लोहमार्ग आला. या धोरणाचा हेतू कोळसा बाहेर नेणे हा होता, नगर वाढविणे हा नव्हे. १९०१ च्या जनगणनेत चांद्याची लोकसंख्या १७,८०३ इतकीच होती.

स्वातंत्र्योत्तर काळात धोरणाचा वेग वाढला, दिशा मात्र फारशी पालटली नाही. बल्लारपूरच्या कागद कारखान्याला वनांतील बांबू मिळाला. १९७३ मध्ये कोळसाखाणींचे राष्ट्रीयीकरण झाले. १९८० नंतरच्या दशकात दुर्गापूरजवळ औष्णिक विद्युत्केंद्र सुरू झाले. पुढे त्याची क्षमता २,९२० मेगावॅटपर्यंत पोहोचली. प्रत्येक उपक्रमाने आपल्या कर्मचाऱ्यांसाठी स्वतंत्र वसाहत उभारली. ऊर्जानगरसारख्या वसाहतीत रस्ते, पाणी, शाळा यांची सोय आधीपासून होती. उपक्रमांच्या आश्रयाने आलेल्या मजूर, हमाल, गाडीवान व लहान दुकानदार यांचा भार मात्र जुन्या नगरावर व त्याच्या सखल कडेवर पडला. २०११ साली लोकसंख्या ३ लाख २० हजारांवर गेली आणि त्याच वर्षी महानगरपालिका स्थापन झाली. म्हणजे नगराला स्वतःच्या कारभाराचा पूर्ण अधिकार मिळाला तो, त्याचे भवितव्य ठरविणारे बहुतेक निर्णय होऊन गेल्यानंतर.

त्याचा परिणाम मोजलाही गेला. २००९ मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने औद्योगिक क्षेत्रांचा जो निर्देशांक प्रसिद्ध केला, त्यात चंद्रपूर ८३.८८ गुणांनी देशात चौथे ठरले, आणि २०१० मध्ये अशा क्षेत्रांत नव्या प्रकल्पांच्या मंजुरीस काही काळ स्थगिती देण्यात आली. ज्या शासनाने वाढीला प्रोत्साहन दिले, त्यालाच ती रोखावी लागली.

गडचिरोलीची कथा याच्या उलट आहे. २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन होऊन वैनगंगेपलीकडील हा प्रदेश स्वतंत्र जिल्हा झाला. येथे नगराचा जनक उद्योग नसून शासननिर्णय होता. दोनच वर्षे आधी, १९८० मध्ये, वनसंरक्षण अधिनियम लागू झाला होता. सुमारे तीन चतुर्थांश भूमी वनाखाली असलेल्या या जिल्ह्यात रस्ता, पाटबंधारा वा कारखाना यांसाठी वनजमीन वळविण्यास केंद्राची संमती आवश्यक ठरली. रेल्वे होती ती उत्तरेकडील वडसा येथे, मुख्यालयाला नव्हती. त्यामुळे नगर वाढले ते कचेऱ्या, शिक्षणसंस्था व त्यांवर अवलंबून असलेला बाजार यांच्या बळावर. २०११ साली त्याची लोकसंख्या सुमारे ५४ हजार होती. त्याच वर्षी गोंडवाना विद्यापीठही तेथे स्थापन झाले.

या दोन नगरांना जोडणारा दुवा वनाचा आहे. गडचिरोलीच्या वनांतील बांबू दीर्घकाळ बल्लारपूरच्या कारखान्याकडे जात असे. वनाधिकार अधिनियम, २००६ अन्वये धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला आणि २०११ मध्ये बांबूच्या वाहतुकीचे परवाने देण्याचा अधिकारही ग्रामसभेकडे आला. ज्यांच्या भूमीतून संपत्ती जाते, त्यांना निर्णयात स्थान देता येते, हे यावरून सिद्ध झाले.

सारांश, चंद्रपुरात धोरणाने संपत्ती पाहिली, पण नगर पाहिले नाही. गडचिरोलीत नगर निर्माण केले, पण त्याच्या उपजीविकेचा विचार मागे ठेवला. गोंड राजांच्या नगररचनेत नदी, तलाव, कोट व वस्ती यांचा एकत्र विचार होता. आधुनिक धोरणाजवळ साधने अधिक आहेत. उणीव आहे ती या एकत्र विचाराची. ती भरून निघेपर्यंत नगराच्या वाढीचा लाभ एकाकडे व भार दुसऱ्याकडे, ही विभागणी टळणार नाही.