दरबाराविना संगीत : वऱ्हाडच्या गायन-नाट्यपरंपरेचा विचार

महाराष्ट्रातील संगीताचा इतिहास सांगावयास बसले म्हणजे त्याचा ओघ ठरलेल्या काही गावांवरूनच वाहू लागतो. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी ग्वाल्हेरची गायकी दक्षिणेत रुजविली. शाहू छत्रपतींच्या आश्रयाने अल्लादिया खाँसाहेब कोल्हापुरास राहिले. अब्दुल करीम खाँसाहेबांनी मिरज आपलेसे केले. विष्णुदास भाव्यांनी 1843 साली सांगलीस पटवर्धनांच्या दरबारी ‘सीतास्वयंवरा’चा खेळ केला. या कथेत अमरावती किंवा अकोला ही नावे क्वचितच उच्चारली जातात. ‘वऱ्हाड सोन्याची कुऱ्हाड’ म्हणावयाचे, काळी जमीन आणि पांढरा कापूस यांचे कौतुक करावयाचे आणि कलेची गोष्ट निघाली की पुढच्या स्टेशनावर उतरावयाचे, अशीच आपल्या इतिहासकारांची रीत पडून गेली आहे.

आपल्या नावाने देशभर ओळखले जाणारे गायकीचे घराणे वऱ्हाडात उदयास आले नाही, ही गोष्ट कोणी नाकारणार नाही. परंतु एवढ्यावरून ही भूमी कलेच्या बाबतीत ओसाड होती असा निष्कर्ष काढणे म्हणजे विहिरीला मोट नाही म्हणून पाणीच नाही असे म्हणण्यासारखे आहे. दरबार नसलेल्या प्रांतात संगीत कशाच्या आधाराने जगते, हा प्रश्न वऱ्हाडाच्या निमित्ताने विचारण्याजोगा आहे; आणि त्याचे उत्तर केवळ वऱ्हाडापुरते नाही.

वऱ्हाडच्या जुन्या वैभवाचा दाखला देताना संस्कृत साहित्यशास्त्रातील वैदर्भी रीतीचे नाव घेण्याचा मोह सर्वांनाच होतो. परंतु तितके दूर जाण्याचे कारण नाही. अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूर हे महानुभाव पंथाचे पवित्र क्षेत्र. तेथे तेराव्या शतकात श्रीगोविंदप्रभूंच्या विवाहोत्सवाच्या प्रसंगी महदाइसेने धवळे रचिले. मराठीतील आद्य कवयित्री म्हणून तिचा मान आहे. पण धवळे म्हणजे लग्नात गावयाची गाणी, आणि ती केवळ पोथीत लिहून ठेवण्याकरिता नव्हे तर गाण्याकरिताच जन्मास आली, ही गोष्ट आपण विसरतो. विषयही पाहावा : श्रीकृष्ण आणि रुक्मिणी यांचा विवाह. रुक्मिणी ही विदर्भाची राजकन्या. अमरावती जिल्ह्यातील कौंडिण्यपूर हे तिचे माहेर, अशी लोकांची श्रद्धा आहे. म्हणजे मराठी भाषेतील अगदी आरंभीची एक गेय रचना वऱ्हाडच्या भूमीवर, वऱ्हाडच्याच लेकीच्या लग्नाविषयी आणि एका स्त्रीच्या मुखातून झाली.

या योगायोगाची दुसरी बाजू सहाशे वर्षांनंतर दिसते. 1916 साली गंधर्व नाटक मंडळीने कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे ‘स्वयंवर’ रंगभूमीवर आणिले. भास्करबुवा बखल्यांनी चाली दिल्या आणि बालगंधर्व रुक्मिणी झाले. ख्यालगायकीचा भारदस्त ठसा नाट्यपदांवर उमटला तो या नाटकात. नाटककार सांगलीचे, चाली बखलेबुवांच्या, गळा बालगंधर्वांचा. परंतु ज्या नायिकेच्या मुखी हे सर्व ऐश्वर्य ठेविले, ती मात्र विदर्भाची.

आता दरबार का नव्हता, हे पाहावयास हवे. अचलपूर ही एके काळी इमादशाहीची राजधानी होती. ती शाही 1574 साली अहमदनगरच्या निजामशाहीने बुडविली. पुढे वऱ्हाड मोगलांकडे आणि नंतर हैदराबादच्या निजामाकडे गेले. निजामाने 1853 च्या तहान्वये, आपल्या फौजेच्या खर्चापोटी, हा मुलूख इंग्रजांच्या हवाली केला. आणि नेमक्या त्याच वर्षी शेजारी नागपुरास तिसरे रघूजी भोसले निपुत्रिक वारल्यामुळे ते राज्यही लवकरच खालसा झाले. अशा रीतीने ज्या काळात कोल्हापूर, मिरज, सांगली, बडोदे, इंदूर ही संस्थाने गवयांस आसरा देत होती, त्या काळात वऱ्हाडच्या रसिकांस हैदराबादचा धनी दूर आणि नागपूरचा धनी नाहीसा, अशी अवस्था प्राप्त झाली. गवयास तनखा देणारा राजा येथे उरलाच नाही.

राजा नाही, पण कापूस होता. 1861 ते 1865 या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले आणि मँचेस्टरच्या गिरण्यांना हिंदुस्थानच्या कापसाची निकड भासली. 1867 साली रेल्वे नागपुरास पोहोचली. तिच्या वाटेवर अकोला, मूर्तिजापूर, बडनेरा ही ठाणी आली. बडनेऱ्याहून अमरावतीला फाटा गेला. या लोहमार्गाने कापसाचे गठ्ठे मुंबईस गेले आणि त्याच मार्गाने पडदे, पेट्या, तबले आणि नटमंडळी वऱ्हाडात आली. नाटक मंडळीचा संसार मोठा आणि खर्च रोजचा. तिला रोख पैसा लागे. वेचणी आटोपून बाजार भरला की वऱ्हाडच्या शेतकऱ्यापाशी, अडत्यापाशी आणि वकिलापाशी रोख पैसा खुळखुळत असे. राजाच्या मर्जीची जागा येथे तिकिटाने घेतली. तिकिटाचा धनी एकटा नसतो. तो शेकड्यांनी असतो आणि तो आपली नापसंती तिथल्या तिथे बोलून दाखवितो. ही गोष्ट कलेस सोयीची की गैरसोयीची, याविषयी मतभेद होऊ शकेल; परंतु तिने कला मूठभर माणसांच्या दिवाणखान्यातून बाहेर काढिली, याविषयी होऊ नये.

या नव्या आश्रयदात्यांत अग्रभागी होते ते वकील. अमरावतीचे गणेश श्रीकृष्ण ऊर्फ दादासाहेब खापर्डे (1854–1938) हे लोकमान्य टिळकांचे निकटचे सहकारी म्हणून सर्वांस ठाऊक आहेत. 1897 साली अमरावतीस राष्ट्रीय सभा भरली, तेव्हा स्वागताध्यक्षपद त्यांच्याकडे होते. परंतु 1905 साली मुंबईस पहिले मराठी नाट्यसंमेलन भरले, त्याच्या अध्यक्षस्थानी बसावयास नाट्यधुरीणांनी याच गृहस्थांस पाचारण केले, हे तितकेसे लक्षात घेतले जात नाही. तो मान ना नाटककारास मिळाला, ना नटास, ना संस्थानिकास. तो अमरावतीच्या एका रसिक वकिलास मिळाला. ज्या काळी नटाचा धंदा शिष्टसमाजात हलका समजला जात होता, त्या काळी असा प्रतिष्ठित मनुष्य नाटकवाल्यांच्या मेळाव्यात उजळ माथ्याने बसतो, याचे मोल तनख्याहून कमी नव्हते.

दुसरे वकील श्रीपाद कृष्ण कोल्हटकर (1871–1934). जन्म नागपूरचा, बाळपण व शिक्षण बुलढाणा आणि अकोला येथे, पुढे पुण्यास पदवी घेऊन वकिली केली तीही अकोला, खामगाव आणि जळगाव-जामोद याच टापूत. त्यांचे ‘वीरतनय’ 1896 साली रंगभूमीवर आले आणि मराठी नाट्यसंगीतात एक लहानसे बंड झाले. अण्णासाहेब किर्लोस्करांनी ‘शाकुंतल’ (1880) व ‘सौभद्र’ (1882) यांत साकी, दिंडी, कीर्तनातील आणि लावणीच्या वळणाच्या चाली अशा घरच्याच स्वरांवर आपला संसार थाटला होता. कोल्हटकरांचा कान मात्र पारशी-उर्दू नाटकांतील चटकदार चालींनी वेधला होता. त्या चाली त्यांनी मराठीत आणिल्या. संवादांत कोटिक्रम, कथानकात कल्पकता आणि पदांत परका पेहराव, असा त्यांचा सर्वच थाट निराळा होता.

या चालींवर टीका पुष्कळ झाली आणि ती सर्वस्वी अन्याय्य होती असेही म्हणवत नाही. चाल आधी आणि शब्द मागून, असा क्रम झाला की शब्दांची ओढाताण होणे अटळ असते. कोल्हटकरांची कित्येक पदे वाचताना ही ओढाताण जाणवते. परंतु इतिहासाचा न्याय एका पदाच्या गोडीवरून करावयाचा नसतो. नाट्यपदाने जुन्या चालींचे कुंपण ओलांडावे की नाही, हा वाद ‘वीरतनया’ने उभा केला, आणि एकदा कुंपण मोडल्यावर त्या वाटेने पुढे हिंदुस्थानी ख्याल-ठुमरीही आत आली. 1911 च्या ‘मानापमाना’त गोविंदराव टेंब्यांनी आणि 1916 च्या ‘स्वयंवरा’त बखलेबुवांनी जे केले, त्यास प्रेक्षकांचा कान आधी तयार व्हावा लागला होता. ती पूर्वतयारी करणाऱ्यांत जळगाव-जामोदच्या या वकिलाचा वाटा मानलाच पाहिजे. राम गणेश गडकऱ्यांसारखा प्रतिभावंत त्यांस गुरु मानीत असे, हेही येथे स्मरावे.

तिसरे नाव अमरावतीच्या वीर वामनराव जोशांचे (1881–1956). हे वकील नव्हेत. हे वक्ते, पत्रकार आणि देशासाठी तुरुंगवास सोसलेले पुरुष. त्यांचे ‘राक्षसी महत्त्वाकांक्षा’ 1913 साली केशवराव भोसल्यांच्या ललितकलादर्श मंडळीने केले आणि मृणालिनीच्या भूमिकेत केशवरावांचा तेजस्वी गळा महाराष्ट्रभर गाजला. 1927 साली बळवंत संगीत मंडळीने त्यांचे ‘रणदुंदुभी’ केले. त्यात वझेबुवांच्या चाली होत्या आणि तेजस्विनी झाले होते दीनानाथ मंगेशकर. सभेत जे उघड बोलता येत नव्हते, ते वामनरावांनी पदांतून बोलविले. पारतंत्र्याविषयीचा संताप रागदारीत ओतता येतो आणि त्या तानेने श्रोत्यांच्या अंगावर काटा उभा राहतो, हे दीनानाथांनी अमरावतीकराच्या शब्दांवर सिद्ध केले. पुढे अमरावतीसच जन्मलेले सुरेश भट (1932–2003) यांच्या शब्दांना दीनानाथांचे पुत्र हृदयनाथ यांनी स्वर दिले. एका पिढीत पित्याने अमरावतीचे नाटक गायिले, दुसऱ्या पिढीत पुत्राने अमरावतीची कविता स्वरबद्ध केली. असा ऋणानुबंध क्वचितच पाहावयास मिळतो.

मात्र केवळ नाटकगृहातील गाणे म्हणजे वऱ्हाडचे गाणे नव्हे. भाद्रपदी पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत घरोघर मुली भुलाबाईची गाणी म्हणत. सासर-माहेराच्या कथेत त्यांचा पहिला ताल घडे. मेळघाटात कोरकूंचे ढोल आणि बासरी घुमत. शेंडगावचे गाडगेबाबा (1876–1956) हातात झाडू घेऊन गाव स्वच्छ करीत आणि रात्री कीर्तनास उभे राहत. त्यांच्या कीर्तनात प्रश्न विचारणारा बुवा आणि उत्तर देणारे श्रोते हे दोघे मिळून एकच गायक होत. यावलीचे तुकडोजी महाराज (1909–1968) यांनी खंजिरीसारख्या साध्या वाद्यावर हजारोंचा जमाव डोलविला. ज्या प्रांतात अशी श्रोतृमंडळी रात्रीच्या रात्री बसून असे, तेथे कानांस संस्कार नव्हते असे कोण म्हणेल?

या संस्कारांचे फळ कोणते, असे कोणी विचारील तर मूर्तिजापूरकडे बोट दाखवावे. कापसाच्या गाड्यांचे हे जंक्शन; यवतमाळ आणि अचलपूर यांस जोडणारी ‘शकुंतला’ नावाची चिमुकली रेल्वे येथूनच दोहों दिशांस फुटे. आज ती धावत नाही. या गावी 2 मे 1920 रोजी वसंतराव देशपांड्यांचा जन्म झाला. नागपुरास शंकरराव सप्र्यांपाशी त्यांनी धडे घेतले. लाहोरास असद अली खाँसाहेबांकडून मारवा मिळविला. सुरेशबाबू मान्यांचे ऐकले. दीनानाथांच्या गायकीचा ध्यास घेतला. पोटासाठी लष्करी हिशेबखात्यात वर्षानुवर्षे नोकरी केली. त्यांच्या गाण्यावर एका घराण्याची मुद्रा शोधणारे निराश होत. आणि याच कारणास्तव शिष्टमान्यता त्यांच्याकडे पुष्कळ उशिरा आली.

1967 साली नागपूरच्या पुरुषोत्तम दारव्हेकरांचे ‘कट्यार काळजात घुसली’ आले. संगीत जितेंद्र अभिषेकींचे होते आणि खाँसाहेब झाले वसंतराव. या नाटकाची कथा काय? घराण्याची विद्या घराबाहेर जाऊ नये म्हणून दार लावून बसलेला उस्ताद, आणि चाकराच्या वेषात राहून चोरून ऐकत ती विद्या मिळविणारा शिष्य. ज्या प्रांतास घराणे लाभले नाही, ज्याने जे मिळविले ते कानांनी मिळविले, त्या प्रांताच्या पुत्राने दार लावणाऱ्या उस्तादाची भूमिका अमर करावी, ही नियतीची मौजच म्हणावी लागेल. 30 जुलै 1983 रोजी वसंतराव गेले. परंतु गाणे कोणाचे, या प्रश्नाचे त्यांनी दिलेले उत्तर अद्याप कानांत आहे.

एक शल्य मात्र राहतेच. कोल्हटकरांची नाटके पुण्या-मुंबईच्या मंडळ्यांनी केली. वामनरावांची पदे परप्रांतीच्या गळ्यांनी गायिली. वसंतरावांस वऱ्हाड सोडून जावे लागले. 1912 साली अकोल्यास हरि नारायण आपट्यांच्या अध्यक्षतेखाली साहित्यसंमेलन भरले, 1923 साली अमरावतीस विदर्भ साहित्य संघ स्थापन झाला. परंतु संघाचे ठाणेही पुढे नागपुरास गेले. या भूमीत पिकावे आणि दुसरीकडे विणले जावे, हे कापसाचे भाग्य कलेच्याही वाट्यास आले. वऱ्हाडच्या लोकांनी हे दैव म्हणून स्वीकारिले. आमच्या मते ते तसे स्वीकारू नये.

संगीताच्या इतिहासात गायकाचे नाव राहते, आश्रयदात्याचेही राहते. ऐकणाराचे राहत नाही. दरबार असलेल्या गावी हे चालून जाते. वऱ्हाडात ऐकणारा हाच राजा होता, म्हणून त्याचे नाव गळाले की सारा इतिहासच गळतो. अमरावती-अकोल्याच्या जुन्या घरांतून अजून कोठे नाटकाच्या जाहिराती, हस्तलिखित पदांच्या वह्या, आजोबांची रोजनिशी पेटीच्या तळाशी असतील, तर त्या रद्दीत जाण्यापूर्वी उघडून पाहाव्यात. आजीस भुलाबाईची गाणी आठवत असतील, तर ती बसून लिहून घ्यावीत. एवढे काम करावयास कोणत्याही संस्थानिकाचा तनखा लागत नाही, आणि वऱ्हाडास त्याची सवयही कधी नव्हती.