थंड प्रदेशात जाणाऱ्या डिझेल ट्रकसाठी इंजिन ऑईलची निवड

गोव्यात इंजिन ऑईल निवडताना थंडीचा विचार सहसा करावा लागत नाही. येथे जानेवारीतील पहाटही साधारण २० अंश सेल्सिअसच्या आसपास असते. सत्तरीसारख्या आतल्या भागात ती आणखी थोडी गार, इतकेच. त्यामुळे डबा कोणता घ्यायचा हे बहुतेक ट्रकमालक मिस्त्रीवर सोपवतात आणि त्यात काही बिघडतही नाही. परंतु राष्ट्रीय परवान्याचा ट्रक भर हिवाळ्यात हिमाचलच्या वरच्या भागात, काश्मीरमध्ये किंवा लडाखमध्ये जायचा असेल, तर ही सवय महाग पडू शकते.

डिझेल इंजिनात ठिणगी पाडणारा प्लग नसतो. पिस्टन हवेला सोळा-अठरा पट दाबतो, त्या दाबाने हवा तापते आणि तापलेल्या हवेत फवारलेले डिझेल आपोआप पेट घेते. ही उष्णता निर्माण होण्यासाठी इंजिन पुरेशा वेगाने फिरावे लागते. ते सावकाश फिरले, तर दाबलेल्या हवेची उष्णता सिलिंडरच्या गार भिंती शोषून घेतात आणि डिझेल पेटतच नाही. कडाक्याच्या थंडीत ऑईल मधासारखे घट्ट होते, त्याच वेळी बॅटरीचा जोरही घटतो. अशा वेळी सेल्फ कितीही मारला, तरी इंजिन नुसते कण्हत राहते.

ऑईलच्या डब्यावरील ‘१५डब्ल्यू-४०’ या खुणेचा अर्थ येथे उपयोगी पडतो. ‘डब्ल्यू’ हे अक्षर हिवाळ्यासाठीच्या इंग्रजी शब्दाचे आहे. त्याचा वजनाशी संबंध नाही. त्याच्या आधीचा आकडा थंड ऑईल कसे वागते ते सांगतो आणि तो जितका लहान, तितके ऑईल थंडीत अधिक प्रवाही. अमेरिकेतील ‘एसएई’ या अभियंत्यांच्या संस्थेने ठरवलेल्या प्रमाणानुसार १५डब्ल्यू ऑईलची इंजिन फिरवण्याची चाचणी उणे २० अंशांवर होते, १०डब्ल्यूची उणे २५ आणि ५डब्ल्यूची उणे ३० अंशांवर. शेवटचा आकडा तापलेल्या ऑईलचा. तो १०० अंशांवरील श्यानता, म्हणजे वाहण्यास होणारा विरोध, दर्शवतो. म्हणून १५डब्ल्यू-४० आणि ५डब्ल्यू-४० ही दोन्ही ऑईले चढावर तापलेल्या इंजिनात जवळपास सारखीच जाड असतात. फरक दिसतो तो सकाळी.

प्रयोगशाळेतील मर्यादा आणि रस्त्यावरची मर्यादा मात्र एक नव्हेत. अनेक इंजिन-उत्पादक आपल्या पुस्तिकांत थोडे अंतर राखूनच आकडे देतात. साधारणपणे १५डब्ल्यू-४० उणे १५ अंशांपर्यंत, १०डब्ल्यू-४० उणे २० पर्यंत आणि त्याहून अधिक थंडीसाठी ५डब्ल्यू-४०, असा तो हिशेब असतो. आपल्या इंजिनाच्या पुस्तिकेत वेगळा तक्ता असेल, तर तोच प्रमाण मानावा.

निवड करताना कोणते तापमान धरायचे, येथे बहुतेकांची चूक होते. वाटेतल्या सर्वांत उंच खिंडीतील थंडी पाहून चालत नाही, कारण तेथे इंजिन तापलेले आणि चालू असते. ज्या ठिकाणी ट्रक रात्रभर बंद राहणार, तेथील पहाटेचे तापमान धरावे. दिल्ली, चंदीगड किंवा ग्वाल्हेरपर्यंतच फेरी असेल, तर १५डब्ल्यू-४० पुरेसे आहे. तेथील थंडी माणसाला बोचते, पण या ऑईलच्या मर्यादेजवळही जात नाही. मुक्काम द्रास, कारगिल किंवा लेह येथे असेल, तर ५डब्ल्यू-४० घ्यावे. ते बहुधा सिंथेटिक असते आणि त्याची किंमत अधिक पडते. ट्रकच्या चेंबरमध्ये एका वेळी कित्येक लिटर ऑईल जात असल्याने हा खर्च जाणवतो; त्यामुळे तेथे वर्षातून एकदाच, तेही उन्हाळ्यात जाणाऱ्याने तो करण्याचे कारण नाही.

‘जाड तेल म्हणजे चांगले तेल’ हा गॅरेजांतील समज उष्ण प्रदेशात खपून जातो. थंडीत घट्ट ऑईल पंपातून वर चढायला वेळ घेते आणि तेवढा वेळ टर्बोचे बेअरिंग कोरडेच फिरते. उलट टोकाची चूक म्हणजे ऑईल पातळ करण्यासाठी त्यात रॉकेल मिसळणे. त्याने सकाळ निभावते, पण इंजिन तापल्यावर धातूंमधला ऑईलचा थर फाटतो. चेंबरखाली शेकोटी पेटवण्याचा उपाय अजून कोठे कोठे केला जातो. त्यातील धोका वेगळा सांगायला नको.

आकड्यांइतकीच डब्यावरील दर्जाची खूण महत्त्वाची आहे. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ निकषांच्या ट्रकमध्ये धुरातील काजळी अडवणारी गाळणी असते. ऑईल जळून उरणारी राख या गाळणीत साठते आणि ती जाळून काढता येत नाही. म्हणून अशा ट्रकला कमी राखेचे, ‘एपीआय सीके-४’ किंवा उत्पादकाने सांगितलेल्या दर्जाचे ऑईल लागते. जुन्या ट्रकला ‘सीआय-४’ चालते. थंडीसाठी योग्य आकडा मिळाला म्हणून दर्जात तडजोड करू नये.

जुने ऑईल घेऊन थंड प्रदेशात जाणे टाळावे. डिझेलच्या काजळीने ऑईल काळे पडते तसेच दाटही होते आणि डब्यावरचा आकडा त्याला लागू राहत नाही. बदलाची मुदत जवळ आली असेल, तर निघण्यापूर्वीच ऑईल आणि फिल्टर दोन्ही बदलावेत.

ऑईल योग्य असूनही ट्रक चालू झाला नाही, तर टाकीतील डिझेल पाहावे. साध्या डिझेलमधील मेण थंडीत गोठून फिल्टर तुंबतो. इंडियन ऑईलने लडाखसाठी नोव्हेंबर २०१९ मध्ये उणे ३३ अंशांपर्यंत प्रवाही राहणारे हिवाळी डिझेल आणले, ते याच कारणाने. खालून भरलेली टाकी तशीच वर नेण्याऐवजी शक्य तितकी रिकामी करून हिवाळी डिझेल भरावे.

इंजिन चालू झाल्यावर लगेच ॲक्सिलरेटर दाबू नये. ऑईलच्या दाबाचा काटा वर येऊन स्थिरावेपर्यंत थांबावे, मग पहिले काही किलोमीटर सावकाश चालवावे. गोव्यात परतल्यावर ५डब्ल्यू-४० काढून टाकण्याची गरज नाही. तापलेल्या इंजिनात ते १५डब्ल्यू-४० चेच काम करते, तेव्हा ठरलेल्या मुदतीपर्यंत ते खुशाल वापरावे आणि पुढच्या बदलाच्या वेळी नेहमीचा डबा घ्यावा.